पत्रिकेवर पहिली भैरवी

शाळेच्या वर्धापनदिनाची ती पत्रिका प्रेसमधून आणायला मीच गेले होते, आणि मला वाचता येतं, हे आधी सांगून टाकते. शाळा आठवीत सुटली, पण छापलेलं मराठी मी सरळ वाचते. तेव्हा चूक दिसलीच नाही असं म्हणायला मला जागा नाही. रिक्षात बसल्या बसल्या गठ्ठ्यातली वरची पत्रिका काढली आणि वाचली. अर्ध्या पानावर पाहुण्यांचा फोटो, त्याखाली अध्यक्ष, सचिव, संचालक मंडळ, सगळे जाड अक्षरात. आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात आमची मुलं: ‘विद्यार्थी वाद्यवृंद. स्वागत : राग भैरवी. त्यानंतर राग अल्हैया बिलावल. राग तोडी (वेळ मिळाल्यास).’

संगीताच्या बाईंनी वहीत लिहून दिलं होतं त्याच्या बरोब्बर उलटं. आधी तोडी, मग बिलावल, शेवटी भैरवी.

हे उलटं कसं झालं तेही मला माहीत होतं. वही घेऊन ऑफिसात गेले तेव्हा क्लार्कनं, म्हणजे भाऊसाहेबांनी, मला विचारलं होतं की ह्यातलं कुठलं किती वेळ चालतं. मी सांगितलं, तोडी पंचवीस मिनिटं, बिलावल दहा, भैरवी पाच. ते म्हणाले, मग लहान आधी घेऊ, पाहुणे आल्यावर पंचवीस मिनिटं कोण बसतंय. मी हळूच म्हटलं की भैरवी शेवटी असते. तर ते हसून म्हणाले, ‘मावशी, आता तुम्ही शिकवणार का आम्हाला संगीत?’

मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

मी मूळची गोंदियाकडची. वडील गेले, शाळा सुटली, आणि एका ओळखीच्या बाईबरोबर प्रवरेच्या काठावरच्या ह्या शाळेत वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला आले. कारखान्याची चिमणी, मळीचा वास, आणि जिकडं बघावं तिकडं ऊस. तांदळाच्या मुलखातून आलेल्या माणसाला ऊस म्हणजे भिंतच वाटते, पलीकडचं काही दिसत नाही. इथल्या बायका माझ्या बोलण्याला हसायच्या. मी ‘जेवून राहिली’ म्हटलं की त्या म्हणायच्या, ‘जेवून ऱ्हा, उपाशी नको ऱ्हाऊ.’ मग मी त्यांच्यासारखं बोलायला शिकले, आणि जास्त करून न बोलायला शिकले. संस्थेच्या सचिवांनी मला कायम केलं, संगीताच्या खोलीची शिपाई म्हणून. त्यांना सगळे साहेब म्हणतात. मीही म्हणते. ते समोरून आले की मी आपोआप भिंतीला सरकते. माझ्यासारख्या बिनशिकल्या, बाहेरच्या बाईला कायमची नोकरी कोण देतं? हे मी रोज मनाशी म्हणायचे. म्हणता म्हणता तोंडच मिटून गेलं.

संगीताच्या खोलीत बाईंचा एक नियम होता. वाजवायच्या आधी ऐकायचं. अर्धा तास एकच ध्वनिमुद्रण, डोळे मिटून, आणि नंतर प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची. ‘छान होतं’ म्हणायचं नाही. बाई म्हणायच्या, छान हा शब्द जेवणाला ठेवा, मला काय ऐकलं ते सांगा. व्हायोलिन, बासरी, सतार, तबला धरून बसलेली चाळीस मुलं, आठवीपासून दहावीपर्यंतची, आणि बाहेरच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टरवर मोठमोठ्यानं वाजत जाणारी गाणी. ट्रॅक्टर गेला की बाई मुद्रण परत मागं घ्यायच्या. खोलीला कुलूप लावायचं काम माझं, म्हणून मी दाराशी स्टुलावर बसलेली असायचे. पहिल्या वर्षी मला वाटायचं, कोणीतरी फार वेळ रडतंय आणि आपण उगीच बघत बसलोय. पण रोज बसलं की कान आपले आपण काम करायला लागतात.

एक दिवस तोडी लावलेली होती, आणि सगळ्यांचं सांगून झाल्यावर बाईंनी माझ्याकडं बघितलं. ‘तुमचं काय?’ मी स्टुलावरून उठून उभी राहिले. मी म्हटलं, तो एक सूर खाली उतरतो, पण जमिनीला टेकत नाही, असं वाटतं की आता टेकेल, आणि तो तसाच राहतो. मुलं हसली नाहीत. बाई म्हणाल्या, तो तोडीचा गंधार, आणि हे मला समजायला चार वर्षं लागली होती. त्या दिवसापासून चारही तानपुरे लावायचं काम त्यांनी मला दिलं. जवारीचा दोरा कुठं सरकवायचा, मणका कधी हलवायचा, खुंटी किती पिळायची, सगळं हाताला धरून शिकवलं. सूर बरोबर लागला की पोटात काहीतरी जागेवर बसल्यासारखं होतं. एवढी चांगली गोष्ट मला आयुष्यात दुसऱ्या कोणी दिलेली नाही.

त्या वर्षी वर्धापनदिनाला काय वाजवायचं हे बाईंनी जूनमध्येच ठरवलं होतं. कार्यक्रम सकाळी नऊचा, म्हणून सकाळचेच राग. सात महिने मुलं तोडी ऐकत होती आणि बसवत होती. तिची सुरुवात एकट्या व्हायोलिनची होती. दहावीतली एक मुलगी आठ मिनिटं आलाप करणार, बाकीची सगळी वाद्यं मांडीवर, फक्त मागं तानपुरे. ती मिरजगावच्या बाजूची, वसतिगृहात राहणारी. घरी म्हशी, थोडी जिरायत जमीन. बाईंनी तिच्यासाठी पुण्याच्या एका संगीत गुरुकुलाचा फॉर्म आणला होता. तिथं राहायचं, अकरावीही करायची आणि व्हायोलिनही. त्यावर वडिलांची सही लागत होती. वडील फोनवर म्हणाले होते, ‘मी येतो, आयकतो. पटलं तर सही करतो, न्हाईतर पोरीनं नर्सिंगला जायाचं.’ फॉर्म शनिवारपर्यंत पोचवायचा होता. कार्यक्रम गुरुवारी.

म्हणजे त्या आठ मिनिटांवर सगळं होतं. आणि पत्रिकेवर छापलं होतं, वेळ मिळाल्यास.

गठ्ठा आणल्यावर मी बाईंना दाखवायला हवा होता. नाही दाखवला. पत्रिका छापून झाल्या, आता बोललं तर भाऊसाहेब म्हणतील ही शिपाई चुका काढते, साहेबांच्या कानावर जाईल, असले विचार. बाईंनी बुधवारी संध्याकाळी पत्रिका बघितली. मग म्हणाल्या, पाहुण्याला उंबऱ्यातच ‘निघा आता’ म्हणायचं का? आणि नंतर म्हणाल्या, जाऊ दे, कागद आहे, आपण आपल्या क्रमानं वाजवू. मी तेव्हाही सांगितलं नाही की मला हे चार दिवसांपासून माहीत आहे.

गुरुवारी आम्ही सहाला उठलो. नऊला मुलं स्टेजवर बसली, पांढऱ्या कपड्यात, वाद्यं लावून. मंडप पाहुण्यांच्या खुर्च्यांवर होता. स्टेजचा पुढचा अर्धा भाग उघडा, तिथं मुलं. पाहुणे नऊला येणार होते, मग निघालेत असं कळलं, मग राहुरीत थांबलेत असं कळलं. दहा वाजले. ऊन चढलं. तबल्याचं पान उन्हात चढतं, लाकूड तापलं की तानपुऱ्याची तार उतरते, आणि मी दर वीस मिनिटांनी स्टेजवर जाऊन चारही तानपुरे परत लावत होते. तिसऱ्या रांगेत मिरजगावचे वडील बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. नगरला एसटी बदलून पहाटेच आले होते. मुलगी त्यांच्याकडं बघत नव्हती. ती व्हायोलिनवर रुमाल धरून बसली होती, ऊन लागू नये म्हणून. स्वतःच्या डोक्यावर नाही, व्हायोलिनवर.

साडेअकराला फटाके वाजले. मग सत्कार. शाली, फेटे, नारळ, एकेक संचालक, प्रत्येकाचा फोटो, वरून ड्रोन. बारा वाजत आले तेव्हा निवेदकानं पत्रिका डोळ्यांसमोर धरली आणि सांगितलं की आता आपले विद्यार्थी राग भैरवीनं पाहुण्यांचं स्वागत करतील. बाई उठून त्याच्याकडं गेल्या. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण त्याचं उत्तर माईकमधून सगळ्यांना ऐकू आलं: ‘मॅडम, पत्रिकेत छापलंय.’ साहेबांनी खुर्चीतूनच हात हलवला, चालू करा.

बाई मुलांकडं वळल्या. त्यांनी मला नंतर सांगितलं की त्यांना वाटलं, पाच मिनिटांची तर आहे, वाजवून टाकू आणि लगेच तोडीला जाऊ. त्यांनी हात वर केला. मुलांनी भैरवी वाजवली. इतकी सुरेख ती खोलीतसुद्धा कधी वाजली नव्हती, आणि मी स्टेजच्या मागं उभी राहून मनात म्हणत होते, नको, एवढी चांगली वाजवू नका रे.

भैरवी संपली. टाळ्या वाजल्या. आणि त्या मुलीनं गजाचा स्क्रू सैल केला, गज पुसला, व्हायोलिन पेटीत ठेवलं. तिच्यामागं सगळ्यांनी. बासऱ्या पिशवीत गेल्या, तबल्यांवर कापडं पडली, सतारींच्या खोळी वर चढल्या. त्यात बंड वगैरे काही नव्हतं. तीन वर्षं बाईंनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, की भैरवीनंतर काही वाजत नाही. कितीही मोठा माणूस आला तरी नाही. भैरवी संपली की हात आपले आपण आवरायला लागतात, तसे ते लागले.

निवेदक म्हणाला, आता राग बिलावल. कोणी हललं नाही. मुलगी बाईंकडं बघून म्हणाली, हळूच, पण तिच्यापुढचा माईक चालू होता:

‘बाई, भैरवी झाली.’

लोक हसले. पाहुणेही हसले, म्हणाले, छान छान, लेकरांना भूक लागली असेल, आणि माईक हातात घेऊन पाऊण तास बोलले. शेती, साखर, तरुण पिढी, संस्कार. तोडी जवळजवळ दोनदा वाजवून झाली असती. एवढं ऊन डोक्यावर घेऊन मुलं खाली बसून ऐकत होती. कोणाचा म्हणून संताप करावा? पाहुण्यांचा, साहेबांचा, भाऊसाहेबांचा, त्या निवेदकाचा. क्षणभर त्या मुलीचाही आला, की अगं, तुझे वडील समोर बसलेत, एक दिवस नियम मोडला असतास तर काय बिघडलं असतं. पण तिला हे समजत नव्हतं असं थोडंच आहे. तिनं सगळं समजून पेटी बंद केली होती. आणि मी, माझी नोकरी कायम, मला एका क्लार्कसमोर एक वाक्य पूर्ण बोलता आलं नव्हतं.

स्टेजच्या मागं साहेब आले. बाईंना म्हणाले, मला चार लोकांत खाली बघायला लावलंत, उद्या साडेनऊला दोघींनी ऑफिसात येऊन लेखी खुलासा द्या. मग माझ्याकडं वळले. ‘मावशी, सकाळपासून स्टेजवर तुम्हीच फिरत होतात. तुम्हाला ह्याच्यासाठी कायम केलं का मी?’ मी मान खाली घातली. सवयीनं.

मान वर केली तेव्हा मिरजगावचे वडील पिशवी घेऊन फाटकाकडं चाललेले दिसले. मी पळत गेले. चपला कुठं राहिल्या कळलं नाही. ते एसटीच्या थांब्यावर पोचले होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तिचं ऐकलंच नाही आणि निघालात?

‘आयकलं की ताई,’ ते म्हणाले. ‘समद्यांनी चांगलं वाजिवलं. पर तिचं कंचं आन दुसऱ्याचं कंचं, मला काय उमगलं न्हाई. एवढ्यासाठी पुण्याला धाडायचं म्हंजे…’

मी सांगितलं की तिचं वाजलंच नाही. सात महिने जे बसवलं ते वाजलंच नाही. पत्रिकेत उलटं छापलं होतं, मला दिसलं होतं, मी कोणाला सांगितलं नाही, म्हणून वाजलं नाही. उद्या सकाळी नऊला खोलीत या, तिथं वाजेल. ते म्हणाले, मला त्यातलं कळतंय काय. मी म्हटलं, मी आठवीत शाळा सोडली, मला कुठं कळत होतं, नुसती बसले म्हणून कळलं, तुम्हीही बसा.

‘आन म्हशी? धार कोन काढनार, तुमचं सायेब?’

‘शेजारी फोन लावा,’ मी म्हटलं, आणि त्यांची पिशवी धरली. खरंच धरली, बस येताना दिसत होती म्हणून.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. ‘लई जोरात बोलता ओ ताई. आन तिकडं तो मानूस बोलत हुता तवा तर तुमी पायाकडं बघत हुता.’

बस गेली. मग ते बाजूला जाऊन फोनवर बोलले, बराच वेळ, आणि रात्री वॉचमनच्या खोलीत राहिले. उद्या नऊला तोडी वाजवायची, हे मी संध्याकाळी बाईंना सांगितलं, त्यांनी मुलांना निरोप दिला.

शुक्रवारी सकाळी मी मुलांच्या आधी खोली उघडली, तानपुरे लावले. मुलं आल्यावर बाईंच्या परवानगीनं उभी राहिले आणि पत्रिकेची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली, पहिल्यापासून. माझं चुकलं, मला माफ करा, असं म्हटलं. एक तबलेवाला म्हणाला, मावशी, बसा आता, नऊ वाजले. बाईंचा चेहरा मला बघवला नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

वडील दाराशी माझ्या स्टुलावर बसले. मुलीनं त्यांच्याकडं एकदा बघितलं, मग डोळे मिटले. वाद्यं लावून नऊ वाजून वीस मिनिटांनी तोडी सुरू झाली. चाळीस मुलं वाद्यं मांडीवर घेऊन बसलेली, आणि एकच व्हायोलिन. मी तानपुरा छेडत होते. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, त्याचं गाणं खिडकीतून आत आलं आणि गेलं. ती थांबली नाही, घाईही केली नाही, त्या खालच्या सुरावर तशीच उभी राहिली. मला दोन्ही गोष्टी एकदम होत होत्या, ऐकून भरून येत होतं आणि काल हे पाचशे लोकांनी ऐकायचं होतं म्हणून दात आवळले जात होते.

आलाप संपून तबल्याबरोबरची गत सुरू झाली आणि सगळी मुलं एकदम वाजवायला लागली, तेवढ्यात दार ढकललं गेलं. ऑफिसचा शिपाई. तोही माझ्यासारखाच, बिचारा. हळूच म्हणाला, साडेनऊ वाजले, साहेब वाट बघतायत दोघींची. मी तानपुरा शेजारच्या मुलीकडं दिला आणि दाराशी गेले.

‘बघू द्या,’ मी म्हटलं. ‘काल आम्ही अडीच तास बघितली.’

आणि दार लावून घेतलं. आतून कडीसुद्धा घातली.

तोडी संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्या खोलीत वाजवत नाहीत. बाईंनी सवयीप्रमाणं एकेकाकडं बघितलं आणि शेवटी दाराकडं. वडील अवघडले. मग म्हणाले, ‘ती एकटी वाजवत हुती, तवा बाकीची पोरं गप का हुती?’

‘तिला जागा द्यायला,’ बाई म्हणाल्या.

‘समदी?’

‘सगळी.’

आमच्याकडं दूध घालायला गेलं तरी कोन कुनाला पुढं जाऊ देत न्हाई, असं काहीतरी ते पुटपुटले. मग मुलीला विचारलं की हे तिथं गेल्यावर रोज करावं लागंल का. ती म्हणाली, रोज. नर्सिंगचं नाव कोणी काढलं नाही. त्यांनी बाईंकडं फॉर्म मागितला, चष्मा नव्हता म्हणून मला सहीची जागा दाखवायला सांगितली, आणि मराठीत केली तर चालंल का असं विचारून, पूर्ण नाव लावून, सावकाश सही केली.

त्यांना फाटकापर्यंत पोचवून मी ऑफिसात गेले. सव्वादहा वाजले होते. बाई आधीच येऊन आपलं लिहून देत होत्या, सगळं स्वतःवर घेऊन. मी कागद मागितला आणि माझ्या हातानं लिहिलं की पत्रिकेतला क्रम चुकीचा छापला गेला हे मला चार दिवस आधी दिसलं होतं, मी सांगितलं नाही, ह्यात मुलांची किंवा बाईंची काही चूक नाही, आणि भैरवीनंतर मुलं थांबली ते बरोबर होतं. खाली सही केली.

साहेबांनी दोनदा वाचलं. कागद परत माझ्याकडं सरकवला. म्हणाले, ‘शेवटी लिहा, क्षमा असावी.’

‘ती मी सकाळी मुलांची मागितली साहेब,’ मी म्हटलं. ‘तुमची कशासाठी मागू?’

भाऊसाहेब टाइप करायचे थांबले. मला वाटलं होतं, एवढं बोलल्यावर मला भीती वाटेल. वाटलीही. पण पेनाला टोपण लावून मी ते टेबलावर ठेवलं. त्या सोमवारपासून मला परत वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात टाकलंय. मुलगी जूनमध्ये पुण्याला गेली.